‘नाही’वर टिक करून सही केली की झालं? नाही होत

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंतच्या लघुउद्योजकांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘कॅनडाचा सक्तीच्या मजुरीचा कायदा आपल्याला लागू नाही. पार्टीने (माल घेणाऱ्या कंपनीने) प्रश्नावली पाठवली तर सगळीकडे ‘नाही’वर टिक करून सही करा. उचल घेऊन येणारा कामगार मर्जीने येतो, ती वेठबिगारी नव्हे. वयासाठी आधार कार्ड पुरतं.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची तिन्ही गोत्यात आणणारी आहेत.

‘लागू नाही.’ 1 जानेवारी 2024 पासून अमलात आलेल्या या कायद्यात अहवाल देण्याचं बंधन कॅनडातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर आहे. शिवाय कॅनडात व्यवसाय असलेल्या ज्या कंपन्या 2 कोटी कॅनेडियन डॉलर मालमत्ता, 4 कोटी डॉलर महसूल आणि 250 कर्मचारी यांपैकी किमान दोन निकषांत बसतात, त्यांच्यावरही. दरवर्षी 31 मेपर्यंत संचालक मंडळाने मंजूर केलेला अहवाल द्यावा लागतो; जाणूनबुजून खोटं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. म्हणजे बंधन तुमच्या पार्टीवर आहे. पण पुरवठ्यात धोका कुठे आहे हे तिला लिहायचं असतं, म्हणून ती तुम्हाला विचारते. आणि याच कायद्याने सक्तीच्या मजुरीच्या मालावर असलेल्या कॅनडाच्या आयातबंदीत बालमजुरीचा मालही घातला. बंदी मालावर आहे, तो बनवणारा गाळा किती लहान हे तिथे कोणी पाहत नाही.

‘सगळीकडे नाही.’ धोका बहुतेकदा तुमच्या शेडमध्ये नसतोच. तो जॉबवर्कला बाहेर गेलेल्या प्लेटिंगमध्ये, पॅकिंगमध्ये, घरोघरी जाणाऱ्या धागे कापण्याच्या कामात असतो. तिथे कोणी पाऊल टाकलेलं नसताना केलेली सही म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची हमी. कायदा ‘धोका शून्य’ असं लिहून मागतही नाही. काय पावलं उचलली, हे विचारतो. ‘या दोन जॉबवर्करांकडे अजून पाहणी झालेली नाही’ हे उत्तर चालतं.

‘उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात, घेतलेल्या पैशांपोटी काम सोडण्याचं किंवा हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य गेलं की ती वेठबिगारी. आला मर्जीने, हा बचाव टिकत नाही. आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेल्या कामालाही सक्तीची मजुरी म्हटलं. त्यामुळे ठेकेदाराची वही मागा आणि आकडे बघा. समजा उचल 20,000, दरमहा कपात 2,000. पण ‘खोली-खानावळ’ म्हणून दरमहा 1,800 पुन्हा त्याच खात्यात नावे. महिन्याला 200 रुपयेच फिटतात. फेडायला 100 महिने, आठ वर्षांहून जास्त. पगार बँकेत जातो एवढ्यानेही निश्चिंत होऊ नका, एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे ते बघा. आधार, बँक पासबुक, परतीचं तिकीट ठेकेदाराकडे ‘सांभाळायला’ असेल तर ते त्याच दिवशी कामगाराच्या हातात परत द्यायला लावा. आणि हे सगळं कामगाराला विचारा, ठेकेदार समोर नसताना.

‘आधार पुरतं.’ आधार ओळख पटवतं, जन्मतारीख सिद्ध करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हे स्पष्ट केलं. बाल न्याय कायद्यातला क्रम असा: शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. चौदा पूर्ण झाली म्हणजे सुटलो असंही नाही. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही.

मूल सापडलंच तर त्याला गुपचूप हाकलून देऊ नका. ते पुढच्या गाळ्यात जाईल. 1098 या बाल हेल्पलाइनला कळवा, केलेल्या कामाचे पैसे चुकते करा आणि घरच्या मोठ्या माणसाला काम देता येतं का बघा. घरचं उत्पन्न बुडू नये म्हणून काय केलं, हा कॅनडाच्या त्या वार्षिक अहवालातला स्वतंत्र मुद्दाच आहे. उचलीत अडकलेल्या कामगारासाठी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा आणि त्याला वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र मिळवून द्या.