गोडसर श्वास म्हणजे तारुण्य नव्हे

'यंत्रात एक फुंकर मारा, शरीराचं खरं वय आणि उरलेली वर्षं कळतील' हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. परवा मामांनी मला तो पाठवला आणि लगेच फोन केला. "अगं, दोन दिवस माझ्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय. यात लिहिलंय तसं चरबी जळतेय, वय उतरतंय." आवाजात आनंद मावत नव्हता. मामा इन्सुलिनवर आहेत आणि डोस त्यांनी स्वतःच कमी केला होता. म्हणून आधी याच मुद्द्याबद्दल.

मेसेज सांगतो, श्वासात ॲसिटोन आलं की शरीर तरुण होतंय. चरबी जळते एवढं खरं, ते मान्य करते. कडक उपास केला की यकृत चरबीपासून कीटोन नावाची आम्लधर्मी रसायनं बनवतं आणि त्यातलं ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं. पण इन्सुलिन कमी पडलं तरी हेच होतं! रक्तात साखर भरपूर, पण पेशींना ती वापरता येत नाही. मग कीटोन साचत जातात आणि रक्तातलं आम्ल वाढतं. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. तहान, उलट्या, खोल आणि भरभर श्वास, मग गुंगी. उपचार वेळेत मिळाले नाहीत तर माणूस जातो. धोक्याची खूण आनंदाची बातमी म्हणून वाटत सुटलेत हे लोक. मामांना फोन चालू असतानाच साखर तपासायला लावली. 400 च्या वर. तसंच दवाखान्यात नेलं.

आता ते यंत्र. श्वासात माहिती असते, यात शंका नाही. 1971 साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी श्वासातले पदार्थ अतिथंड नळीत धरून गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या पद्धतीने, तपासले, तेव्हा सुमारे 250 पदार्थ सापडले. त्यांत वयाच्या खुणा शोधण्याचं काम चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण त्यांतल्या आयसोप्रीन या एका पदार्थाचंच बघा. लहान मुलांच्या श्वासात ते मोठ्यांपेक्षा कमी असतं, म्हणजे वयाशी नातं आहे. मात्र सायकलचं पेडल मारायला लागलं की मिनिटाभरात ते कित्येक पटींनी वाढतं. जिना चढून आल्या आल्या फुंकर मारली आणि नंतर शांत बसून मारली, तर आकडे वेगळे येतील. वय तेच! शिवाय खोलीतली हवा, सिगारेट, तोंडातले आणि आतड्यातले जंतू, सगळेच त्यात भर घालतात. दवाखान्यात वापरतात त्या श्वास-चाचण्या एकेका प्रश्नापुरत्या असतात: पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का, दम्यात श्वासनलिकांना सूज किती. उरलेली वर्षं सांगणारी चाचणी कुणाकडेही नाही.

मेसेजमधला आणखी एक दावा: 'कासव सावकाश श्वास घेतं म्हणून दीडशे वर्षं जगतं.' घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो, माणूस 12 ते 20. या हिशेबाने घोडा आपल्यापेक्षा जास्त जगायला हवा. तो जगतो पंचवीस-तीस वर्षं.

राहिलं श्वास रोखणं. दोन दिवसांनी बरं वाटल्यावर मामा खाटेवर नाक दाबून बसले होते. "पस्तीस सेकंद. म्हणजे वय किती?" मेसेजमध्ये तसा तक्ता आहे. सरावाने हे सेकंद कुणाचेही वाढतात. फुप्फुसांच्या क्षमतेचा आयुर्मानाशी संबंध अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांच्या दीर्घ अभ्यासात दिसला, हे खरं. पण तिथे छातीभर श्वास घेऊन यंत्रात पूर्ण सोडायला लावत आणि बाहेर पडलेली हवा मोजत. मामांच्या नाकावरचा हात मी काढला आणि तो तक्ता त्यांच्यासमोरच पुसून टाकला.