उजव्या सोंडेचा चेंडू

भोसरीत माझं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, हप्ते अजून फिटायचेत असं एक सीएनसी आणि सात माणसं. वीस मायक्रॉन इकडचं तिकडे झालं की आमचा अख्खा लॉट परत येतो, सोबत लाल अक्षरांतला ईमेलही येतो. तीस वर्षं अशी काढलेला मी माणूस. आणि माझा गोल्फचा चेंडू दर रविवारी सकाळी चाळीस पावलं उजवीकडे जातो. त्याचा कुणी ईमेल पाठवत नाही. उलट मागे उभे असलेले लोक "गुड स्विंग" म्हणतात. माल रिजेक्ट झाल्यावर पॅकिंगचं कौतुक करावं, तसं.

या खेळात मी हौसेने पडलेलो नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे नवे पर्चेस हेड आले. रेटचं बोलायला गेलो की म्हणायचे, "इथे नको, रविवारी पहाटे येरवड्याला या, निवांत बोलू." घरी येऊन मी सांगितलं, "रविवारी पहाटे येरवड्याला जायचंय." ही चहा गाळता गाळता थांबली आणि म्हणाली, "स्वतःहून?"

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. येरवड्यात तुरुंग आहे, मनोरुग्णालय आहे आणि गोल्फ कोर्सही आहे. पहिल्या दोन ठिकाणी आपल्याला दुसरे नेऊन सोडतात. तिसऱ्या ठिकाणी आपण स्वतः पेट्रोल जाळून जातो. कोणतं बरं, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

तर स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत वळत जातो, त्याला स्लाइस म्हणतात. दुखणं अगदी सर्दीसारखं आहे. सगळ्यांना होतं आणि औषध प्रत्येकाकडे असतं. यातली क्रूर गोष्ट अशी, की चेंडू निघताना बहुतेक वेळा सरळच निघतो. पहिले शंभर यार्ड तुम्हाला वाटतं, जमलं. मनातल्या मनात तुम्ही रेट दोन रुपयांनी वाढवूनसुद्धा घेता. मग चेंडूला काहीतरी आठवतं. गॅस बंद करायचा राहिल्यासारखा तो वळतो आणि बाभळीत जातो.

कारागीर माणसाने आधी हत्यारावर आणि मालावर संशय घ्यावा. चेंडू वर्नियरमध्ये धरला. नियमाप्रमाणे त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावं. दोन्ही बरोबर निघालं. दशांशाच्या पुढे दोन आकडे बघून मला या खेळाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. मग ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे लांब मारायची ती मोठ्या डोक्याची काठी. तिचं डोकं ४६० घन सेंटिमीटरपर्यंत चालतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून किंचित लहान. एवढं मोठं डोकं, शिवाय आतून पोकळ. दोष देण्यासारखं त्यातही काही सापडलं नाही. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लहान, चपट्या डोक्याच्या काठीने, तोच मी, त्याच मैदानावर, बऱ्यापैकी सरळ मारतो. ड्रायव्हर हातात आला की चेंडू बाभळीचा रस्ता धरतो.

आईला माझी चिंता वाटली. ती ब्याऐंशीची आहे. तिने नीट चौकशी केली.

"कुठे जातो रे चेंडू?"

"उजवीकडे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग उजव्या सोंडेचा असेल. त्याचं सगळं कडक असतं. अष्टविनायकांत सिद्धटेकचा एकटाच तसा. तू आंघोळ करून जातोस का?"

पहाटे साडेपाचला मी आंघोळ करून जात नव्हतो, हे खरं आहे. पुढच्या रविवारपासून जाऊ लागलो, आणि न दुखावता सांगायचं तर चेंडू स्वच्छ माणसाच्या हातूनही उजवीकडेच गेला. आईच्या समाधानासाठी मी चेंडूंवर हिरव्या पेनाने 'श्री' लिहायलाही लागलो. त्याचा एक उपयोग झाला. गेल्या महिन्यात कुंपणापाशी एका पोराने मला वापरलेले चेंडू दाखवले. "एकदम भारी माल, साहेब, चाळीसला एक." त्यातल्या तिघांवर श्री होतं. मी तिन्ही घेतले. देवाचं नाव होतं, घासाघीस करवेना.

सल्ल्याचं काय सांगू! पुण्यात रस्त्यात स्कूटर बंद पडली तर जमणाऱ्या चौघांपैकी तिघे कार्ब्युरेटरवर बोलतात आणि चौथा स्कूटर कशी घ्यायलाच नको होती ते सांगतो. गोल्फ कोर्सवर हेच चौघे पांढरे बूट घालून येतात. "डोकं खाली ठेवा" हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला. मी इतकं खाली ठेवलं की चेंडू कुठे गेला ते दिसेना. त्या काळात माझा खेळ मला त्यातल्या त्यात सहन झाला. "ग्रिप सैल सोडा", "ग्रिप घट्ट धरा" हे दोन सल्ले एकाच गृहस्थांनी एकाच होलवर, म्हणजे एकाच खड्ड्यापर्यंत जाईतो, दिले. एकांनी छातीवर हात ठेवून "श्वास" एवढंच म्हटलं आणि निघून गेले.

स्वतःच्या डोक्याने शोधलेला उपाय मला सगळ्यात पटला होता. चाळीस पावलं उजवीकडे जातो ना, मग चाळीस पावलं डावीकडे नेम धरू. लेथवर टूल एका बाजूला ओढतंय असं दिसलं की आपण तेवढं ऑफसेट देतो, तोच न्याय. पहिल्या दिवशी चेंडू पंचावन्न पावलं उजवीकडे गेला. मी नेम आणखी डावीकडे नेला. चेंडू सत्तर पावलं गेला. शेवटी मी जवळजवळ क्लबहाउसमधल्या इडलीवाल्याकडे तोंड करून उभा राहिलो. इडलीवाला वाकला, आणि चेंडू मात्र निष्ठेने बाभळीतच गेला.

हे का होतं, ते भाच्याने सांगितलं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला अजून सगळं येतं. "मामा, दोन गोष्टी वेगळ्या कर," म्हणाला. "चेंडू सुटतो तो बराचसा क्लबचा, म्हणजे काठीचा, फेस जिकडे बघतोय तिकडे. फेस म्हणजे चेंडूला लागतं ते तिचं तोंड. आणि वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांच्यात जो कोन असतो त्यामुळे. तुझा क्लब बाहेरून आत येतो, उजवीकडून डावीकडे ओढल्यासारखा. फेस त्या वाटेच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा. म्हणून चेंडूची फिरकी तिरकी होते आणि हवा त्याला उजवीकडे ढकलते. तू जितका डावीकडे वळून उभा राहतोस, तितकी वाट आणखी डावीकडे जाते आणि कोन वाढतो. तू औषध म्हणून रोगच घेतोयस."

फेस म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. लेथवर आम्ही फेसिंग करतो, म्हणजे जॉबचं तोंड अक्षाला बरोबर काटकोनात आणतो. ते एक अंश चुकलं तर आमच्याकडे पोरगा दिवसभर शिव्या खातो. इथे मी कागदावर हिशोब केला. चेंडू मुळीच न वळता नुसता एक अंश चुकीचा सुटला, तरी दोनशे यार्डांवर साडेतीन यार्ड बाजूला जातो. माझा फेस किती अंश उघडा असेल, ते बाभळीवरून मोजायचं मी टाळलं.

भाचा तेवढ्यावर थांबला नाही. ड्रायव्हरच्या फेसचा उतार कमी, म्हणून चेंडूला मागे फिरणारी फिरकी कमी मिळते आणि तिरकेपणा जास्त दिसतो. आयर्नला मागची फिरकी भरपूर, म्हणून तीच चूक झाकली जाते. चुका झाकणारं हत्यार आणि चुका दाखवणारं हत्यार एकाच बॅगेत! मग त्याने मॅग्नस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव घेतलं आणि एडिंबरोच्या टेट नावाच्या प्राध्यापकांचं. या टेटसाहेबांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या फिरकीवर शोधनिबंध लिहिले, आणि त्यांच्या मुलाने, फ्रेडीने, १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. बापाने कागदावर चेंडू फिरवला, पोराने मैदानावर सरळ मारला. माझ्या घरात हे उलटं आहे. माझा मुलगा मला खेळताना बघायला एकदा आला आणि "बाबा, मी गाडीत बसतो" म्हणाला.

निदान झालं. पण निदान झाल्याने गुडघा दुखायचा थांबत नाही. "आतून बाहेर मार" असं भाचा सोफ्यावर बसून म्हणतो. मैदानावर क्लब वर नेला की माझ्या उजव्या खांद्याला लक्ष्मी रोडवर सेल लागल्याची बातमी मिळते. तो सगळ्यांच्या आधी निघतो. कमर मागे, हात मागे, खांदा पुढे.

मग मामा भेटले. हे मामा म्हणजे गोल्फ कोर्सवरचे कॅडी, खेळणाऱ्याची बॅग वाहणारे. तीस-पस्तीस वर्षं तिथेच आहेत. बॅग खांद्यावर, तंबाखू गालात, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. चार होल त्यांनी माझी बॅग मुकाट्याने वाहिली. पाचव्याला चेंडू बाभळीत गेल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी बॉल मारत नाय. कांदा कापताय."

त्यांनी माझ्याच पाण्याची बाटली घेतली आणि चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, वीतभर अंतरावर उभी केली. "हिला न लावता मारा. बाहेरून आलात तर बाटली जाईल." मी मारलं. बाटली गेली. काय सुरेख गेली! अगदी सरळ, झेंड्याच्या रेषेत. चेंडू तिथेच होता.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी माझी डावी मूठ धरली, क्लबवर जराशी उजवीकडे फिरवली आणि म्हणाले, "वरनं बघा. या मुठीच्या गाठी किती दिसत्यात?" आधी एक दिसायची, आता अडीच दिसत होत्या. मग माझ्या चेहऱ्याकडे, नंतर पोटाकडे बघून त्यांनी विचारलं, "साहेब, चेतक चालवलीय का कधी?"

चेतक चालवलीय का! कर्वेनगर ते भोसरी, अकरा वर्षं. डब्यात जॉब, पायाशी ऑइलचा कॅन. पाऊस आला की प्लगमध्ये पाणी, मग तिला कंबरेवर घेऊन आडवी करायची आणि किक. आकुर्डीत तयार झालेली ती स्कूटर मला माझ्या पहिल्या लेथइतकी पाठ आहे.

"मग गिअर कुठल्या हातात?"

"डाव्या."

"पहिला?"

"वर."

"आन् दुसरा, तिसरा, चौथा?"

मी डावी मूठ हवेत खाली फिरवली. मनगट पुढे वाकलं, गाठी जमिनीकडे गेल्या.

"हां. खाली येताना हेच करायचं. तुमी पहिल्यात गाडी पळवताय, म्हणून नुसता आवाज. वरनं खाली येताना चौथ्यात टाका. फेस आपोआप बंद होतोय."

गोल्फ शिकवणाऱ्या परदेशी लोकांनी ही युक्ती मोटरसायकलच्या नावाने सांगितली आहे, हे भाच्याने नंतर मोबाइलवर शोधून दाखवलं. पण त्यांच्या मोटरसायकलला गिअर पायात असतो. डाव्या मुठीत गिअर फिरवायची ही विद्या आमच्या पिढीच्या हाडात आहे, आणि ती इतकी वर्षं मी वाया घालवली.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, माझी चेतक अजून आहे. दोन्ही टायर बसलेले, सीटवर मांजराचं बिऱ्हाड. शनिवारी पहाटे मी मांजराला उठवून तिच्यावर बसलो. पायात गोल्फचे बूट, डोळे मिटलेले. पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा. केबल गंजली होती, पण तो खट् आवाज तसाच होता. किती वेळ गेला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी दुधाची पिशवी हातात घेऊन समोर उभे होते.

"कुठे निघालात?"

"कुठेच नाही. उजवीकडे जायचं थांबवतोय."

त्यांनी मान हलवली आणि वर जाऊन आमची बेल वाजवली. पाच मिनिटांनी ही गॅलरीत आली. "अहो, बसलाच आहात तर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणा," म्हणाली आणि आत गेली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की बायको टायरमधली हवा बघत नाही.

रविवारी पर्चेस हेड होते, त्यांचे दोन मित्र होते, मामा होते. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, मी चेंडू ठेवला, श्री वरच्या बाजूला. डावी मूठ, अडीच गाठी. क्लब वर नेला. उजव्या खांद्याला सेलची बातमी मिळाली, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. खाली येताना फक्त डावं मनगट. दुसरा, तिसरा, चौथा.

आवाजच वेगळा आला. चेंडू सरळ निघाला. शंभर यार्डांवर मी सवयीने बाभळीकडे बघितलं, तिथे काही आलं नाही. चेंडू गवताच्या मधोमध पडला, उसळला आणि आणखी पुढे घरंगळला. कुणी "गुड स्विंग" म्हटलं नाही. पर्चेस हेड माझ्याकडे बघत राहिले. "काय बदललंत?" त्यांनी विचारलं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी मला विचारलेला, रेट सोडून, हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या होलवर माझ्या अंगात संचारलं. आता चौथ्यात टाकायचंच आहे तर जोरात टाकू. क्लब आला, मनगट फिरलं, आणि चेंडू निघाला तो डावीकडे, मग आणखी डावीकडे. जिथे मी आजवर कधीच गेलो नव्हतो त्या बाजूच्या झाडीत शिरला. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. उजवीकडची बाभूळ न् बाभूळ मला ठाऊक आहे. इकडची झाडंसुद्धा ओळखीची नव्हती.

मामांनी बॅग खाली ठेवली, तंबाखू दुसऱ्या गालात घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "क्लच दाबायचा राहिला."