चुकलेल्या फटक्याची किंमत

2025 च्या आयपीएलमध्ये पंच भर मैदानात फलंदाजांच्या बॅटी मापातून घालून पाहू लागले, तेव्हा आमच्या पुण्यातल्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर मोठा वाद पेटला. बहुतेकांचा सूर एकच होता: लोक पैसे मोजतात ते षटकारांसाठी, मग बॅटची जाडी कसली तपासता? मेलबर्नला राहून मला हे अजिबात पटत नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये इथल्या एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, टी-20 विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना झाला. पाकिस्तानच्या धावा 159. भारत जिंकला तो अगदी शेवटच्या चेंडूवर. नव्वद हजारांवर माणसं जागेवरून हलली नाहीत. पाकिस्तानच्या हारिस रौफला कोहलीने मागच्या पायावर जाऊन सरळ डोक्यावरून मारलेला षटकार आजही सगळ्यांना आठवतो, कारण त्या रात्री षटकार स्वस्त नव्हते. त्याच मैदानावरच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 12 धावांत 3 बळी घेणारा इंग्लंडचा गोलंदाज सॅम करन सामनावीर ठरला. आणि एप्रिल 2024 मध्ये बंगळुरूतल्या आयपीएल सामन्यात? हैदराबादच्या 287, यजमानांच्या 262. त्यातला एक तरी षटकार ग्रुपवर कुणाला आठवतो का, मी विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही.

फरक अंतराचा आहे. सीमारेषेचा दोर इथेही आत ओढलेला असतो, तरी बॅटच्या कडेला लागून मिडविकेटकडे उडालेला चेंडू बहुतेकदा क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो. बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर तोच प्रेक्षकांत. गोलंदाजाने फलंदाजाला चकवलं, तरी सहा धावा त्याच्याच नावावर.

गोलंदाजाचं सगळं मोजलेलं असतं. कोपर 15 अंशांपलीकडे सरळ होता कामा नये, पाऊल रेषेपुढे पडता कामा नये, चेंडूची शिवण उसवली तर दंड. बॅटच्या रुंदीला अठराव्या शतकापासून मर्यादा आहे. थॉमस व्हाइट यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन आला, म्हणून ती घालावी लागली. जाडी मात्र 2017 पर्यंत मोकाट होती. डिसेंबर 2016 मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबची समिती मुंबईत बसली आणि तिने कडेला 40 मिलिमीटर, एकूण जाडीला 67 मिलिमीटर अशी मर्यादा सुचवली. पुढच्या ऑक्टोबरात तो नियम झाला. पण 40 मिलिमीटरची कड म्हणजे जवळपास दीड इंच! एवढ्या जाड कडेला लागलेला चेंडू स्लिपच्या डोक्यावरून सहज निघून जातो.

पाटा खेळपट्ट्या आणि इम्पॅक्ट प्लेअर (आयपीएलमध्ये सामना चालू असताना बदलून घेता येणारा खेळाडू) यांचाही यात वाटा आहे, हे मित्रांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून माझी पहिली मागणी बॅटबद्दल नाही. आयसीसीच्या नियमात सीमारेषा किमान 65 यार्डांवर, म्हणजे साठ मीटरच्याही आत चालते. ते किमान अंतर आधी वाढवा, आणि जिथे मैदानात जागा आहे तिथे दोर मागे न्या. कडेची जाडी कमी करण्याचा प्रश्न त्यानंतर घ्या, पण घ्याच.