पेरूतला 44 जागांचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला: पेरूचे राष्ट्राध्यक्ष 2016 नंतर टिकत नाहीत याचं खापर मी राज्यघटनेवर फोडतो, खरं कारण मात्र भ्रष्टाचार, चोर निवडून दिले की ते पडणारच. दुसरा: 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिस्कारांनी संसद बरखास्त केली ती वैध आणि 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष कास्तियोंनी केली तो बंडाचा प्रयत्न, हा दुटप्पीपणा आहे.

भ्रष्टाचार होता आणि आहे, त्यावर वाद नाही. पण मग 2001 ते 2016 मधले राष्ट्राध्यक्ष तोलेदो, गार्सिया आणि उमाला यांचं काय करायचं? ओदेब्रेच्त या ब्राझिलियन बांधकाम कंपनीच्या लाचखोरी प्रकरणात तोलेदोंना 2024 मध्ये वीस वर्षांहून जास्त शिक्षा झाली, उमालांना 2025 मध्ये पंधरा वर्षांची, आणि 2019 मध्ये पोलीस अटकेला दारात आले तेव्हा गार्सियांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. तिघांनीही आपापली पाच वर्षं पूर्ण केली. प्रकरण नंतर बाहेर आलं, असं तुम्ही म्हणाल. पण तोलेदोंवर पदावर असतानाच पक्षनोंदणीतल्या खोट्या सह्यांचं प्रकरण शेकलं होतं, लोकप्रियता रसातळाला गेली होती, तरी ते 2006 पर्यंत टिकले.

उत्तर जागांच्या हिशेबात आहे. राज्यघटनेच्या कलम 117 नुसार पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर आरोप ठेवता येतो तो फक्त देशद्रोह, निवडणुका होऊ न देणं, संसद बेकायदा बरखास्त करणं आणि संसदेचं किंवा निवडणूक यंत्रणेचं काम अडवणं यासाठी. लाचखोरी या यादीत नाही! त्यामुळे सगळे वळतात कलम 113 कडे. तिथे पद रिकामं होण्याच्या कारणांत 'कायमची शारीरिक किंवा नैतिक अक्षमता' आहे आणि नैतिक अक्षमता म्हणजे काय, याची व्याख्या कुठेही नाही. ती मतमोजणीच ठरवते.

2026 च्या निवडणुकीआधीच्या 130 जणांच्या एकगृही संसदेत राष्ट्राध्यक्षाला हटवण्याची पद्धत अशी होती. प्रस्तावावर 26 सह्या. तो दाखल करून घ्यायला हजर राहण्यास पात्र सदस्यांपैकी 40 टक्के, म्हणजे कोणी निलंबित किंवा रजेवर नसेल तर 52 मतं. मग तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या आत चर्चा. चार पंचमांश सदस्य तयार असतील तर आधीही. राष्ट्राध्यक्षांना किंवा त्यांच्या वकिलाला साठ मिनिटं. शेवटी 87 मतं. आपल्या लोकसभेत अविश्वास ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. पेरूत दोन तृतीयांश मोजत ते एकूण 130 चे. म्हणजे गैरहजर, तटस्थ आणि विरोधी, तिघांची किंमत एकच. ज्याच्यामागे 44 पक्की माणसं असत त्याला कोणी हलवू शकत नसे.

आता आकडे लावून बघा. 120 जणांच्या जुन्या संसदेत हा उंबरठा 41 चा होता. तोलेदोंकडे 45 जागा होत्या. उमालांकडे 130 पैकी 47. गार्सियांकडे 36 च, पण माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरींच्या गटाचे 13 जण त्यांच्या वाटेला जात नव्हते. 2016 मध्ये निवडून आलेल्या कुचिन्स्कींकडे 18. कास्तियोंच्या पक्षाला 37 मिळाल्या आणि तोही पक्ष पुढे फुटला. कुचिन्स्कींनंतर आलेल्या व्हिस्कारांचा 2020 च्या संसदेत स्वतःचा एकही सदस्य नव्हता.

21 डिसेंबर 2017 चं मतदान बघितलं की हे स्पष्ट होतं. कुचिन्स्कींविरुद्ध 78 मतं पडली, बाजूने फक्त 19, तरी ते वाचले. 21 जण तटस्थ राहिले, त्यात विरोधी पक्षातलेच केंजी फुजिमोरी आणि त्यांचे साथीदार असे दहा. डाव्यांच्या एका गटाने सभात्याग केला. तीनच दिवसांनी केंजींच्या वडिलांना, तुरुंगातल्या आल्बेर्तो फुजिमोरींना, माफी मिळाली. मार्चमध्ये दुसरा प्रस्ताव आला, मतांच्या सौदेबाजीच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि मतदानाच्या आदल्या दिवशी कुचिन्स्कींनी राजीनामा दिला. भ्रष्टाचार हे कारण म्हणायचं तर असंही म्हणावं लागेल, की 44 चा आकडा गाठण्याची गरजच नवा भ्रष्टाचार जन्माला घालते.

मग जागा कमी का पडतात? राष्ट्राध्यक्षाची निवड दोन फेऱ्यांत होते, संसद मात्र पहिल्या फेरीच्या दिवशीच निवडली जाते. कास्तियोंना 2021 च्या पहिल्या फेरीत वैध मतांपैकी जेमतेम 19 टक्के मिळाली. दुसऱ्या फेरीत ते निम्म्याच्या वर गेले, पण संसदेत दहा पक्ष आधीच येऊन बसले होते. 2016 मध्ये कुचिन्स्कींची पहिल्या फेरीतली मतं 21 टक्के. केंजींची बहीण केको फुजिमोरी यांच्या पक्षाने सुमारे 36 टक्क्यांवर 73 जागा खिशात घातल्या. निर्विवाद जनादेशाचा देखावा दुसऱ्या फेरीत, बळ मात्र पहिल्या फेरीतलं.

कास्तियोंच्या उपाध्यक्ष आणि त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या दिना बोलुआर्ते या हिशेबात बसत नाहीत, हे खरं. संसदेत स्वतःच्या पक्षाचा एकही सदस्य नसताना त्या डिसेंबर 2022 ते ऑक्टोबर 2025 टिकल्या. उपाध्यक्ष कोणीच उरले नव्हते; त्या गेल्या असत्या तर कलम 115 नुसार संसदेच्या अध्यक्षांनी सूत्रं घेऊन लगेच निवडणुका घ्यायच्या, म्हणजे सदस्यांच्या स्वतःच्या खुर्च्यांवर गदा. एप्रिल 2026 च्या निवडणुका जाहीर झाल्या आणि ही भीती संपली. मग त्या एका रात्रीत गेल्या. माझ्या मते यात तत्त्वाचा भाग फारसा नाही.

आता दुटप्पीपणा. संसद बरखास्तीच्या कलम 134 ची मुख्य अट अशी: संसदेने दोन मंत्रिमंडळांवर निंदाठराव मंजूर केलेला किंवा त्यांना विश्वास नाकारलेला असला पाहिजे. पहिला नकार झालेला होता: पंतप्रधान सावालांचं मंत्रिमंडळ सप्टेंबर 2017 मध्ये पडलं होतं. 30 सप्टेंबर 2019 ला व्हिस्कारांचे पंतप्रधान देल सोलार यांनी घटनात्मक न्यायाधिकरणावरच्या नेमणुकांच्या मुद्द्यावर विश्वास मागितला. संसदेने तो बाजूला ठेवून आधी नेमणुका सुरू केल्या. हा प्रत्यक्षातला नकारच, असं व्हिस्कारांनी धरलं. ताणून लावलेला अर्थ आहे, मान्य. न्यायाधिकरणानेही तो 4 विरुद्ध 3 अशाच मतांनी उचलून धरला. कास्तियोंकडे दुसरा नकार नव्हता, पहिल्याबद्दलही वाद होता. शिवाय 7 डिसेंबरच्या भाषणात त्यांनी हुकूमनाम्यांनी राज्य चालवण्याची आणि न्यायव्यवस्थेच्या पुनर्रचनेची घोषणा केली. त्याला घटनेत कलमच नाही. त्याच दिवशी त्यांच्याविरुद्ध 101 मतं पडली.

2024 च्या घटनादुरुस्तीने 2026 च्या निवडणुकीपासून 60 जणांचं सिनेट आणि 130 जणांचं प्रतिनिधीगृह परत आणलं. सिनेट बरखास्त करता येत नाही. संसदेची निवडणूक मात्र अजूनही पहिल्या फेरीच्याच दिवशी.