नालंदा, बोलोन्या आणि माझा चुकलेला मथळा

नमस्कार,

इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण मुद्द्याची आहे. "नालंदा पाचव्या शतकातलं, मग १०८८च्या बोलोन्याला जगातलं पहिलं विद्यापीठ म्हणायची लाचारी कशाला? शिवाय युरोपातली ती सगळी जुनी विद्यापीठं म्हणजे चर्चचीच दुकानं," असं तुम्ही म्हणता.

पहिलं कबूल. मथळ्यातलं 'जगातलं पहिलं' आजच काढतो. १०८८ हे सालही जुळवून आणलेलंच आहे. १८८८मध्ये आठशे वर्षांचा सोहळा करायचा म्हणून तिथल्या मंडळींनी ते मुक्रर केलं. कवी कार्दुच्ची त्यात पुढे होता.

'चर्चची दुकानं' मात्र सरसकट चालणार नाही. पॅरिसच्या विद्यापीठाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. बोलोन्यात परगावची पोरं रोमन कायदा शिकायला यायची. एखाद्या परदेशी माणसानं कर्ज बुडवलं की सावकार त्याच्या मुलखातल्या भलत्याच विद्यार्थ्याला धरायचा! बाराव्या शतकाच्या मध्यात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं फर्मान काढून हे बंद केलं. तरी घरभाड्याची कटकट होतीच, आणि ही पोरं शहराची नागरिक नव्हती. म्हणून त्यांनी संघ बांधला. 'युनिव्हर्सितास' म्हणजे मुळात संघ; कारागिरांच्या संघालाही हाच शब्द चाले.

या संघानं मास्तरांनाच वठणीवर आणलं. फी पोरांच्या खिशातून, तेव्हा नियमही पोरांचे. तास उशिरा सुरू केला, दंड. घंटेनंतर लांबवला, दंड. व्याख्यानाला पाच जणही जमले नाहीत तर गुरुजीच गैरहजर धरायचे, आणि पुन्हा दंड. गावाबाहेर जायचं तर आधी अनामत ठेवा. (आमच्या कॉलेजात हे असतं तर दोन-तीन सर कर्जबाजारी झाले असते.)

अर्थात १२१९मध्ये पोपनं पदवीच्या मंजुरीचा अधिकार तिथल्या आर्चडीकनकडे, म्हणजे चर्चच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दिला, म्हणजे तुमचं म्हणणं तिथेही थोडं खरं ठरतं.

नालंदात विद्वत्ता कमी होती असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ह्युएन त्संग सांगतो, तिथे दारातच प्रश्न विचारून भल्याभल्यांना परत पाठवत. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की कायद्यानं ओळखलेला संघ आणि शिकवण्याचा परवाना म्हणून पदवी, ही जोडी आपल्या आजच्या विद्यापीठांत आली ती युरोपातून. १८५७चं मुंबई विद्यापीठ बघा. लंडनच्या नमुन्यावर निघालेलं, शिकवणं कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे परीक्षा नि पदव्या. मास्तरांना दंड करणारी पोरं वाटेतच कुठेतरी गळाली.

नालंदावर वेगळा लेख लिहायचाय, तेव्हाही असंच कान पकडायला या.