कल्चर रिपोर्टमध्ये जे कळत नाही

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविषयी आता पुष्कळ लिहून येते. परंतु औषध असेपर्यंत वाढ थांबवून नुसते तग धरणाऱ्या, म्हणजेच सहनशील जिवाणूंविषयी फारसे कोणी बोलत नाही. न्यूमोनिया आणि मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा दाह) हे दोन्ही आजार घडवणाऱ्या न्यूमोकॉकस या जिवाणूच्या बाबतीत ही उपेक्षा मला फार गंभीर वाटते.

कल्चर म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. त्यात रक्त मिसळलेल्या आगरच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर जिवाणू पसरून औषधाची चकती ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाचा व्यास मोजून रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे औषध लागू पडते, असे लिहितात. त्या वर्तुळात जिवाणू वाढले नाहीत एवढेच त्यावरून सिद्ध होते; ते मेले की नाही, हे कळत नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये एक साधी पद्धत मांडली: औषधाची चकती काढून तिथे ग्लुकोजची चकती ठेवायची. जिवाणू सहनशील असतील, तर त्याच मोकळ्या वर्तुळात त्यांच्या वसाहती उगवतात.

पेनिसिलिनच्या माऱ्यात न्यूमोकॉकस फुटतो तो मुख्यतः स्वतःच्याच ऑटोलायसिन या विकरामुळे (एन्झाइममुळे). हे विकर निकामी असेल तर त्याची वाढ थांबते, पण तो फुटत नाही, हे अलेक्झांडर टोमाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्येच दाखवले होते. पुढे 1999 मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील एलेन टुओमानेन यांच्या गटाला व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सहन करणारे न्यूमोकॉकस आढळले, आणि 2000 मध्ये तर मेनिंजायटिस उलटलेल्या एका रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यातूनच, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातूनच, असा जिवाणू मिळाल्याची नोंद झाली. फुफ्फुसात वाढ थांबलेल्या जिवाणूला पांढऱ्या पेशी गिळू शकतात. मेंदूभोवतीच्या द्रवात मात्र प्रतिपिंडे आणि जिवाणू मारायला मदत करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिने इतकी तोकडी असतात की मारण्याचे काम औषधालाच करावे लागते.

म्हणून मेनिंजायटिसचा रुग्ण ‘सेन्सिटिव्ह’ औषध चालू असूनही सुधारत नसेल किंवा आजार उलटला असेल, तर निदान मोठ्या रुग्णालयांनी तरी जिवाणू मरतो की नाही हे तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे लस. ती शरीराला जिवाणूचे बाहेरचे कवच ओळखायला शिकवते; ते कवच लसीतल्या प्रकारांपैकी असले, की तो सहनशील आहे की नाही याने तिला फरक पडत नाही. 2017 पासून टप्प्याटप्प्याने आलेली पीसीव्ही ही न्यूमोकॉकसविरुद्धची लस 2021 मध्ये देशभर सरकारी लसीकरणात मोफत झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती बनवली आहे. सहा आणि चौदा आठवड्यांचे डोस झाल्यावर नवव्या महिन्याचा बूस्टर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबरच देतात, तेव्हा घरात लहान मूल असेल तर त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर ती नोंद आहे का, हे कृपया आजच पाहावे.