सेव्हन-डी मॅट, कोकणातला चिखल आणि पेडलखालची जागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गाडीत कोणती मॅट घालावी या माझ्या लेखावर आपण चिपळूणहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. तिचा सूर तिखट असला तरी मुद्दे नेमके आहेत, म्हणून आभाराच्या दोन ओळींवर न भागवता उत्तर देतो. आपले म्हणणे थोडक्यात असे : ‘हुकला अडकणारी, सहज काढता येणारी मॅट घ्या, चालकाच्या पायाखाली सेव्हन-डी (तळाला घट्ट बसवलेली रेक्झिन-फोमची जाड मॅट) नको’ हा माझा सल्ला शहरातल्या डांबरी रस्त्यांपुरता ठीक आहे, कोकणात पावसाळाभर लाल चिखल पायांबरोबर गाडीत येतो आणि साध्या मॅटच्या कडेने थेट कार्पेटवर उतरतो. शिवाय मी दिलेले अमेरिकेतील अपघाताचे उदाहरण सुट्या रबरी मॅटचे होते, सेव्हन-डीचे नव्हते, त्यामुळे ते माझ्याच सल्ल्याच्या विरोधात जाते. सेव्हन-डी मॅट तर जागची हलतही नाही.

अपघाताचा मुद्दा आधी घेतो. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस या ब्रँडच्या एका ईएस ३५० गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकला, गाडी ताशी १६० किलोमीटरच्या पुढे गेली आणि आतील चौघेही दगावले. ती गाडी विक्रेत्याने तात्पुरती वापरायला दिलेली होती आणि तिच्यात घातलेली रबरी मॅट त्याच कंपनीच्या दुसऱ्या, मोठ्या गाडीची होती. तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली, जी मला मूळ अपघाताइतकीच बोलकी वाटते : काही दिवस आधी तीच गाडी नेलेल्या ग्राहकाचाही अ‍ॅक्सिलरेटर मॅटमध्ये अडकला होता, त्याने गाडी कशीबशी आवरली आणि परत करताना ते सांगितलेही होते. पुढे टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणे, जाहीर केले. आता त्यातला उपाय पाहा. केवळ मॅट बदलून काम भागवले नाही. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचा आकार बदलून ते आखूड केले आणि काही गाड्यांत पेडलखालच्या तळाचाही आकार बदलला. दोष रबराचा असता तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. पूर्ण दाबलेले पेडल आणि त्याखालचा तळ यांच्यात किती मोकळी जागा उरते, हा खरा प्रश्न होता. ते उदाहरण मी याचसाठी दिले होते, आणि म्हणूनच ते सेव्हन-डी मॅटलाही तंतोतंत लागू पडते.

सेव्हन-डी मॅट हलत नाही, हे आपले निरीक्षण नवी मॅट असेपर्यंत खरे आहे. वरून रेक्झिन, मध्ये फोम आणि त्यावर शिवण अशी ही जाड मॅट आकाराच्या जोरावर आणि वेल्क्रोच्या भरवशावर बसलेली असते. तळाच्या कार्पेटवर कंपनीने दिलेले हुक असतात, ते बऱ्याचदा तिच्याखाली झाकले जातात; काही ठिकाणी तर फिटर ते अडतात म्हणून काढूनच टाकतो. उन्हात फोम मऊ पडतो, रेक्झिनची कड वर वळू लागते आणि ती नेमकी पेडलच्या दिशेने वळते, कारण मॅट तिथेच सर्वांत जास्त दुमडलेली असते. त्यावर आणखी एक थर म्हणून नूडलची, म्हणजे गुंतलेल्या प्लास्टिक धाग्यांची, मॅट टाकण्याची जी पद्धत आहे, तिच्याविषयी मूळ लेखात लिहिले होते तेच पुन्हा लिहितो : चालकाच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट कधीही नसाव्यात. थ्री-डी, फाइव्ह-डी, सेव्हन-डी ही नावे बाजाराने दिलेली आहेत. मोठ्या आकड्याची मॅट आपल्या गाडीत अधिक नीट बसेल असे त्यातून काहीही ठरत नाही.

याची परीक्षा आपण घरीच करू शकता. इंजिन बंद ठेवा, मॅट हाताने पुढे, डॅशबोर्डच्या दिशेला, जाईल तितकी सरकवा आणि मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून झटकन सोडा. पेडल वर येताना मॅटच्या कडेला पुसटसेही घासले, तर ती मॅट तिथे नको. मग क्लच दाबून पाहा. क्लचखाली जाड मॅट आली की पेडल शेवटच्या बोटभर अंतरात अडते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. मग माणूस क्लचप्लेटच्या खर्चाला लागतो आणि मॅटकडे कोणाचे लक्षही जात नाही. तळाला बिजागरी असलेल्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये मॅटची कड पेडलखाली शिरण्याचा धोका कमी असतो, वरून लोंबणाऱ्या पेडलमध्ये तो जास्त असतो, तेव्हा आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे तेही वाकून पाहावे.

आपली मॅट या परीक्षेत उतरली, तर पेडलविषयीचा माझा आक्षेप आपल्यापुरता संपला. पण मग चिखलाचा मुद्दा राहतो, आणि तिथे मात्र माझे मत आपल्या बरोबर उलट आहे. कोकणात सेव्हन-डी अधिक उपयोगी, असे आपण म्हणता. मला वाटते, जिथे पाऊस सर्वांत जास्त तिथेच ती सर्वांत कमी उपयोगाची.

आपण ज्याला संरक्षण म्हणता ते झाकण आहे, आणि झाकणाखाली काय चालले आहे ते दिसत नाही. चिखल वरून आला तर ती अडवते, हे मान्य. परंतु गाडीत पाणी फक्त पायांनी येत नाही. एसीचा पाणी सोडणारा पाइप तुंबला की ते पाणी बहुतेक गाड्यांत चालकाशेजारच्या सीटच्या पायांशी उतरते. सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या पाचोळ्याने बुजल्या तर ते खांबातून खाली झिरपते. दरवाजाचे रबर जुने झाले की मुसळधार पावसात तिथूनही ओघळ येतो. हे सगळे पाणी मॅटच्या खालून, कार्पेटमधून पसरते. कार्पेटच्या खाली जाड नमद्याचा किंवा फोमचा थर असतो, तो पाणी शोषून धरतो, आणि वरून रेक्झिनने घट्ट झाकलेले असल्याने ते आठवडेच्या आठवडे वाळत नाही. ओळखीच्या एका गॅरेजात अशी एक गाडी सीट काढून उघडलेली मी पाहिली. वरची मॅट चकचकीत, शोरूममधून आल्यासारखी. ती उचलल्यावर कार्पेट काळसर आणि बुळबुळीत झालेले. त्याखालचा नमदा मेकॅनिकने मुठीत दाबला तेव्हा बोटांतून पाणी निथळले, आणि सीटखालच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. मालकाची तक्रार काय होती, तर एअरबॅगचा दिवा मधूनमधून लागतो आणि एसी चालू केला की कुबट वास येतो. मॅटचा संशय त्यांना आलाच नव्हता, कारण ती इतकी स्वच्छ होती.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या आणि नंतर कार्पेट उपसून उन्हात टाकल्याशिवाय त्यांचा वास कसा गेला नाही, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. रोजचा ओलावा तेच काम सावकाश करतो. आणि पावसात आतून धुरकटणारी काच? तिच्यामागेही अनेकदा पायाखालची ओल असते. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून ठेवले की ती वाफ काचेवरच बसते.

म्हणून मी सुचवलेली मॅट उंच काठाच्या ताटासारखी, गाडीच्या त्याच मॉडेलसाठी साच्यातून काढलेली, रबर किंवा टीपीईची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) एकसंध मॅट आहे. चारी बाजूंनी उघडी राहणारी, मापाला कात्री लावून बसवायची स्वस्त मॅट मी सुचवली नव्हती. तिच्याबद्दलचा आपला आक्षेप माझाही आहे. काठ असलेल्या मॅटवर चिखल आणि पाणी साचते, घरी आल्यावर हुक सोडवून ती आडवीच बाहेर काढायची, अंगणात ओतायची, नळाखाली धुवायची आणि खालचे कार्पेट हाताने चाचपून पाहायचे. हे चाचपणे मला मॅटइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि शिवण घातलेल्या, सीटखाली दाबून बसवलेल्या मॅटबाबत ते कोणी करत नाही. टीपीई थोडी महाग पडते, पण उन्हात तिचा वास कमी येतो. हलक्या प्रतीच्या पीव्हीसीतून गरमीत निघणारी तेलकट वाफ काचेच्या आतल्या बाजूला चिकटते, ते विदर्भातल्या वाचकांनी अनुभवले असेल.

आपण पैसे घालून बसवलेली सेव्हन-डी मॅट फेकून द्या असे मात्र मी म्हणणार नाही. मागच्या सीटपुढचा भाग राहू द्या, तिथे पेडल नाहीत. फक्त महिन्यातून एकदा तो उचलून पाहा. चालकाच्या बाजूचा तुकडा काढून ठेवा आणि तिथे हुकला बसणारी मॅट घाला. कंपनीचे हुक फिटरने काढले असतील तर ते सुटे मिळतात, फक्त मॉडेल आणि वर्ष सांगून मागवा. चालकाशेजारच्या बाजूचा तुकडा एकदा एसी तासभर चालवून झाल्यावर उचला. कार्पेट कोरडे लागले तर तूर्त चिंता नाही; ओल हाताला लागली, तर नवी मॅट घेण्याआधी एसीचा पाइप साफ करून घ्या, आणि सीटखालच्या सॉकेटच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या तर त्याला स्वतः हात न लावता बॅटरीचे टर्मिनल काढून गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडून ते काम करून घ्या, कारण त्यातली पिवळ्या वेष्टनाची वायर एअरबॅगची असते.